गोव्यात शिफ्ट व्हायचंय? मग पाहुण्यांच्या गावात राहणं म्हणजे काय ते आधी समजून घ्या

मागच्या महिन्यात पुण्याहून माझ्या मावसबहिणीचा फोन आला, म्हणाली ताई, आता आमचं दोघांचंही काम घरूनच चालतं, मग पुण्यातच कशाला राहायचं, तुझ्या बाजूला एखादा टू बीएचके बघ ना, सकाळी बीचवर चालायला जाऊ आणि मग लॅपटॉप उघडू. मी तेव्हा बरं म्हटलं आणि फोन ठेवला, पण रात्रभर डोक्यात तेच घोळत होतं. मी मूळची सावंतवाडीची, लग्न होऊन उत्तर गोव्यातल्या बार्देशात आले त्याला आता अठरा वर्षं होऊन गेली, कळंगुटपासून तीनेक किलोमीटर आत आमचं घर आहे, आणि या अठरा वर्षांत मला जे हळूहळू कळलं ते तिला फोनवर पाच मिनिटांत सांगता येण्यासारखं नाही. म्हणून नीट लिहून काढतेय, तिच्यासाठी आणि तिच्यासारखा विचार करणाऱ्या बाकीच्यांसाठीसुद्धा.

सगळ्याच्या मुळाशी एक गोष्ट आहे ती आधी सांगते. टुरिस्ट येतात त्या गावात भाव ठरतात पाहुण्याच्या खिशावरून, आणि सोयी ठरतात जनगणनेच्या आकड्यावरून. या दोन्हीच्या मधल्या फटीत आम्ही राहतो. आता ही फट केवढी आहे ते बघा. २०११ च्या जनगणनेत गोव्याची लोकसंख्या १४ लाख ५८ हजार होती, आणि सरकारी आकड्यांप्रमाणे २०२४ मध्ये इथे एक कोटीच्या वर पर्यटक आले. प्रत्येकजण सरासरी चार दिवस राहिला असं समजलं तर वर्षातल्या प्रत्येक दिवशी एक लाखाहून जास्त माणसं वरची. राज्याच्या हिशोबात हे फार वाटत नाही, पण ही माणसं काय सत्तरीच्या जंगलात किंवा सांग्यात समान पसरत नाहीत ना, त्यातली बरीचशी किनाऱ्याच्या चिंचोळ्या पट्ट्यात येतात, आणि तीसुद्धा बारा महिने सारखी येत नाहीत, ऑक्टोबर ते मे आणि त्यातही नाताळ ते न्यू इयरच्या आठवड्यात एकदम. कळंगुट गावाची लोकसंख्या जनगणनेत चौदा हजाराच्याही आत आहे. पंचायतीला अनुदान मिळताना मोजली जातात ती माणसं ही, आणि रस्ता, पाणी, गटार, कचऱ्याची गाडी वापरणारी माणसं मात्र त्याच्या कितीतरी पट.

आता घराचं घेऊ, कारण ती फ्लॅटच बघायला सांगत होती.

एक साधा हिशोब करा. समजा माझ्याकडे एक वन बीएचके आहे आणि तो मी कुणा शिक्षिकेला महिना २४ हजार भाड्याने देऊ शकते. तोच फ्लॅट ॲपवर टाकला आणि एका रात्रीचे ३ हजार मिळाले, त्यातले साफसफाई, कमिशन, लाइट बिल, चादरी धुणं धरून तीस टक्के गेले, तरी हातात २,१०० राहतात, म्हणजे महिन्यात बारा रात्री गेल्या की शिक्षिकेच्या भाड्याएवढे पैसे वसूल, वरच्या अठरा रात्रींत जे मिळेल तो फायदा, आणि डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात तर रेट दुप्पट-तिप्पट. मालकाला दोष देऊन उपयोग नाही, त्याच्या जागी कुणीही हाच हिशोब करेल. पण याचा परिणाम असा होतो की ज्यांना इथे रोज राहायची गरज आहे, म्हणजे नर्स, बँकेतला क्लार्क, बालवाडीची बाई, पोलीस शिपाई, त्यांना घरच मिळत नाही, किंवा मिळालं तर करार असा होतो की सप्टेंबरअखेर घर रिकामं करा, सीझन सुरू होतोय. आमच्या वाड्यावर एक टीचर राहायच्या, माझ्या मुलाला त्यांनीच अक्षर ओळख करून दिली. चार वर्षांत तीन घरं बदलली त्यांनी. शेवटी डिचोलीला गेल्या आणि आता तिथून रोज दोन बस बदलून येतात.

विकत घ्यायचं म्हटलं तर अजूनच कठीण, कारण तिथे स्पर्धा थेट दिल्ली-मुंबई-बंगळुरूच्या पगाराशी आहे. आणि बरेच जण घर घेतात ते राहायला नाही, वर्षातून दोन-तीन आठवडे येण्यासाठी. २०११ च्या जनगणनेतच गोव्यातलं जवळपास पाचातलं एक घर रिकामं निघालं होतं. खरं सांगायचं तर हे सगळं काही बाहेरच्यांमुळे झालेलं नाही, गोव्यातली कितीतरी कुटुंबं पोर्तुगालचा पासपोर्ट काढून इंग्लंडला गेली किंवा आखातात आहेत आणि मागे जुनी घरं कुलूपबंद आहेत. त्यात इथला वारसा कायदा पोर्तुगीज काळापासूनचा, सगळ्या मुलांना, मुलींनासुद्धा, हक्काचा वाटा मिळतो. मला स्वतःला हा कायदा फार आवडतो, पण तीन पिढ्यांनंतर एका घराचे वीस-पंचवीस वारस होतात, अर्धे परदेशात, कुणाच्या सह्या मिळत नाहीत, घराचं छप्पर बसायला लागतं, आणि मग एक दिवस बिल्डर येतो आणि सगळ्यांना एकदम पैसे देऊन प्रश्न मिटवतो. त्या जागी जे उभं राहतं त्याला स्विमिंग पूल असतो.

पूल म्हटलं की पाणी आलं. पाण्याचा विषय मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो आणि नेमका तोच बाहेरच्या माणसाला सगळ्यात कमी दिसतो, म्हणून जरा सविस्तर सांगते.

गोव्यात वर्षाला साधारण ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर. मग पाण्याची टंचाई कशी असं सगळे विचारतात. इथला दगड जांभा, स्पंजसारखा भोकाभोकांचा, तो पावसात पाणी पितो आणि पुढचे आठ महिने ते हळूहळू झिरपत विहिरीत, झऱ्यात आणि शेवटी समुद्रात जातं. सड्यावर, म्हणजे टेकडीच्या माथ्यावरच्या सपाट माळावर, पडलेला पाऊस म्हणजे खालच्या वाड्यांची वर्षभराची बेगमी असते. त्या सड्यावर काँक्रीट आलं, टेकडीचा उतार कापून व्हिला आले, की पाऊस आत न मुरता गटारातून सरळ वाहून जातो, जुलैत पूर आणि एप्रिलमध्ये विहीर कोरडी, दोन्ही एकाच कारणाने.

आता किनाऱ्याजवळची भानगड. जमिनीच्या खाली गोडं पाणी आणि समुद्राचं खारं पाणी यांच्यामध्ये काही भिंत नसते. खारं पाणी थोडं जड, साधारण अडीच टक्क्यांनी, म्हणून ते खाली राहतं आणि गोडं पाणी त्याच्यावर तरंगतं, आमटीवर तेलाचा तवंग तरंगतो तसं. या वजनाच्या फरकामुळे एक विलक्षण हिशोब बसतो: विहिरीतल्या पाण्याची पातळी समुद्रापेक्षा एक फूट वर असेल तर त्याखाली साधारण चाळीस फूट खोलपर्यंत गोडं पाणी असतं. ऐकायला छान वाटतं, पण उलटं वाचा. तुम्ही उपसा करून पातळी एक फूट खाली आणली की खालून खारं पाणी हळूहळू चाळीस फूट वर सरकायला बघतं. एकदा ते दगडात शिरलं की एका पावसात धुऊन जात नाही, वर्षं लागतात.

आणि उपसा किती होतो बघा. आपल्याकडच्या मानकांत घरात माणशी १३५ लिटर पाणी धरतात, पंचतारांकित हॉटेलात एका खाटेमागे ३२०. वर पूल, लॉन, लाँड्री. नळाचं पाणी पुरत नाही, मग टँकर, आणि टँकर भरतो तो कुणाच्या तरी विहिरीवर. २००२ चा भूजल कायदा आहे, परवाने आहेत, पण पहाटे चारला आमच्या खालच्या वाटेने टँकर जातो तेव्हा तो परवान्यातली कितवी फेरी मारतोय ते मोजायला कोण उभं राहतंय?

आमच्या घरामागे विहीर आहे, इथे बांय म्हणतात, चिऱ्यांनी बांधलेली, आतून नेचे उगवलेले, सासूबाईंच्या सासूच्या काळातली. पाच-सहा वर्षांपूर्वी एका मे महिन्यात सासूबाई सकाळी चहाचा घोट घेऊन थांबल्या आणि म्हणाल्या, "बाय, बांयचें उदक बदल्लां." मी म्हटलं, काही नाही हो, दूध वेगळं असेल. त्यांनी कप खाली ठेवला, तांब्या घेऊन स्वतः विहिरीवर गेल्या, कळशी सोडली, ओंजळीने पाणी प्यायल्या आणि एक अक्षर न बोलता आत आल्या. मग मीही पिऊन बघितलं. खारट असं लगेच जाणवत नव्हतं, गिळल्यावर जिभेच्या मागच्या बाजूला एक मचूळ चव राहत होती. त्या वर्षी पाऊस झाल्यावर चव गेली, पण आता दर मे महिन्यात ती येते, आणि दर वर्षी थोडी लवकर. डाळ शिजायला वेळ लागतो, साबणाला फेस येत नाही, माडांच्या झावळ्या टोकाकडून पिवळ्या पडतात. प्यायला नळाचं पाणी साठवतो, बार्देशचं बरंचसं पाणी आस्नोड्याच्या जलशुद्धीकरण प्लांटवरून येतं आणि तिथे ते तिळारी धरणाच्या कालव्यातून येतं, म्हणजे माझ्या माहेरच्या जिल्ह्यातून, दोडामार्गातून. कालवा फुटला की आमचे नळ बंद. असं एकदा नाही, बऱ्याचदा झालंय.

त्यात बऱ्याच किनारी गावांत ड्रेनेजची लाइन अजून घरोघर नाही, सोकपिटच (शोषखड्डे) आहेत. चार माणसांसाठी खणलेल्या सोकपिटवर चाळीस खोल्यांचं गेस्ट हाउस चाललं तर ते कुठे मुरतं हे समजायला इंजिनियर असायची गरज नाही, जांभा वरचं पाणी जसं पितो तसंच तेही पितो.

माशांचं थोडक्यात सांगते, जरी आमच्याकडे हा विषय थोडक्यात कधीच आटोपत नाही. शीत-कडी (भात आणि कालवण) आणि नुस्तं (मासे) हे इथलं रोजचं जेवण, गरिबाचंही. पण विसवण (सुरमई), पापलेट, मोठी सुंगटं (कोळंबी) यांचा भाव म्हापशाच्या बाजारात आता हॉटेलं ठरवतात, कारण ज्याला एका प्लेटचे आठशे मिळणार आहेत तो सकाळी सहाला कुठल्याही भावाने उचलतो. आम्ही बांगडे, तारले, पेडवे यांच्यावर आलो, ठीक आहे, तेही चविष्टच असतात. दुखतं ते वेगळंच. पूर्वी किनाऱ्यावर रापण, म्हणजे माशांचं लांबलचक जाळं, ओढायचे, अख्खा वाडा दोरीला लागायचा आणि जो दोरी ओढेल त्याला वाटा मिळायचा. आता त्याच वाळूवर शॅक आणि डेकबेड आहेत, रापण ओढायला तेवढी लांब मोकळी वाळूच राहिली नाही, आणि रापणकारांची मुलं डॉल्फिन दाखवायला होडी नेतात कारण त्यात पैसे रोख आणि लगेच मिळतात. जून-जुलैत ६१ दिवस यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते तेव्हा तर सुकं खारं नुस्तंसुद्धा जपून वापरावं लागतं.

रस्त्याचं सगळ्यांना माहितीये. पाच किलोमीटरला डिसेंबरात दीड तास. टुरिस्टच्या दृष्टीने तो सुट्टीतला एक वाया गेलेला तास, पण त्याच रांगेत १०८ ची ॲम्ब्युलन्स असते बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलात, निघालेली, तिच्यात कधी कधी आमच्या सिंधुदुर्गातलाही पेशंट असतो, कारण तिकडून मोठ्या आजाराला लोक गोमेकॉलाच येतात. काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं असलेली भाड्याची स्कूटर दिसली की मी माझी गाडी बाजूला घेते, ज्याला रस्ता माहीत नाही, डोक्याला हेल्मेट नाही आणि कदाचित दोन बियर झाल्यात अशा पोराची घरी आईवडील वाट बघत असतात हे मला प्रत्येक वेळी आठवतं. गोव्यात बहुतेक वर्षी अडीचशेच्या वर माणसं रस्त्यावरच्या अपघातांत जातात, इतक्या छोट्या राज्यात. स्वतःची गाडी नसेल तर इथे राहणं फार कठीण आहे, आतल्या गावांत संध्याकाळनंतर बस मिळत नाही, आणि टॅक्सीचा रेट ज्याला वर्षातून एकदा द्यायचाय त्याच्यासाठी ठरलेला असतो. टॅक्सीवाल्याचंही मला कळतं, त्याला आठ महिन्यांत बारा महिन्यांचं कमवायचं असतं. पण आईला तापात रात्री दवाखान्यात न्यायचं असलं तर तिच्यासाठी वेगळा रेट नसतो.

आवाजाबद्दल लोकांना वाटतं की बीचपासून लांब घर घेतलं की झालं. तसं होत नाही. दिवसा जमीन तापलेली असते तेव्हा आवाज वर निघून जातो, पण रात्री जमिनीलगतची हवा थंड होते आणि वरची त्यामानाने उबदार राहते, अशा वेळी आवाज वाकून परत खाली येतो, म्हणून दोन किलोमीटरवरची पार्टी दिवसा ऐकू येत नाही आणि रात्री एकला खोलीत असल्यासारखी वाटते. त्यातही गाणं नाही येत, नुसता धप-धप बेस येतो, कारण जाडा आवाज भिंतीने अडत नाही, कानात कापूस घातला तरी छातीत जाणवतो. कायद्यात रात्री १० नंतर लाउडस्पीकर बंद, राहत्या वस्तीत मर्यादा ४५ डेसिबल. माझ्या मुलाच्या दहावीच्या वर्षी जानेवारी-फेब्रुवारीत आम्ही किती वेळा फोन केला असेल, आवाज अर्धा तास कमी व्हायचा आणि मग पुन्हा सुरू. शेवटी त्याला परीक्षेपुरता सावंतवाडीला माझ्या आईकडे अभ्यासाला पाठवला, पेपरच्या आदल्या दिवशी परत आणायचो. सोळा वर्षांच्या मुलाला स्वतःच्या घरात झोप मिळत नाही याचं मला आजही वाईट वाटतं.

खारी हवा आणि पाऊस, हे टुरिझमचं नाही, पण फोटोत दिसत नाही म्हणून सांगते. समुद्राच्या हवेतले मिठाचे बारीक कण कुठेही बसतात, मीठ हवेतली ओल ओढून घेतं आणि लोखंडावर कायम एक ओला खारट थर राहतो, त्यामुळे गंज अखंड चालू. आमच्या गेटची कडी तिसऱ्यांदा बदललीय, आधीची हातात घेतली तर पापुद्रे सुटून तळहातावर लाल पूड राहिली. एसीच्या बाहेरच्या युनिटच्या पत्र्या पांढऱ्या पडून चुरा होतात, फ्रिज, इन्व्हर्टर, टीव्हीचे बोर्ड अवेळी जातात. जुलैत कपडे चार दिवस वाळत नाहीत, चामड्याच्या चपलेला बुरशी, कपाटातल्या पुस्तकांना वास. बंद फ्लॅट तर दोन महिने उघडला नाही की भिंती काळ्या होतात, म्हणून जे वर्षातून दोनदा येणार त्यांनी हे आधीच धरून चालावं.

कचऱ्याचं परत तेच, माणसं मोजली एक आणि आली दुसरी. साळगावला कचरा प्रकल्प २०१६ पासून चालू आहे, नंतर तो वाढवायला लागला, आणि तो नसता तर आमच्या पट्ट्याचं काय झालं असतं याची कल्पना करवत नाही. उघड्यावर दारू प्यायला २०१९ मध्ये दंड आला, तेव्हा एकट्याला २ हजार, ग्रुपला १० हजार ठरला होता, तरी सोमवारी सकाळी वाळूत अनवाणी चालू नका, फुटक्या बाटल्या असतात. त्याच वर्षी पर्रा गावच्या पंचायतीने माडांच्या रस्त्यावर फोटो काढणाऱ्यांकडून पैसे घ्यायचं ठरवलं होतं, खूप टीका झाली त्यांच्यावर. पण रोज सकाळी शाळेला निघालेल्या मुलांच्या रस्त्यात कुणीतरी आडवं झोपून रील बनवत असेल तर गावाने काय करायचं ते मला खरंच सुचत नाही.

कुणी म्हणेल, पैसाही याच टुरिस्टमुळे येतो. येतो, आमच्या घरातही येतो, माझ्या दिराची छोटी रेंट-अ-बाइक आहे. पण एकाच पिकावर अख्खं गाव अवलंबून असलं की काय होतं ते आम्ही बघितलंय. सप्टेंबर २०१२ मध्ये खाणी बंद झाल्या, २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टाने ८८ लीज रद्द केल्या, तेव्हा आतल्या तालुक्यांतली किती माणसं किनाऱ्यावर काम शोधत आली. मग २०२० च्या मार्चमध्ये एका आठवड्यात हॉटेलं, शॅक, टॅक्सी सगळं थांबलं. दिराने तेव्हा दहातल्या सहा स्कूटर विकल्या, हप्ते थांबत नव्हते. चांगल्या वर्षातसुद्धा पगार सीझनचा, जूनला सुट्टी, पीएफ वगैरे फार थोड्या ठिकाणी, म्हणून इथली शिकलेली मुलं बोटीवर नोकरीला जातात नाहीतर परदेशात, आणि हॉटेलातली कामं करायला ओडिशा, झारखंड, नेपाळमधून मुलं येतात, जी एका खोलीत आठ-आठ जण राहतात कारण घरभाडं त्यांनाही तेच आहे.

पाहुण्यांवर माझा राग नाही. मीही बाहेरून आलेय, आणि पोदेर (पाववाला) सकाळी सायकलचा हॉर्न वाजवत पोई, म्हणजे इथला पाव, घेऊन येतो, देवळातल्या जत्रेला शेजारचे कॅथलिक नारळ-केळी घेऊन येतात, हे सोडून मी कुठे जाणार नाही. बहिणीने यावं असंही मला वाटतं. पण वर्षभर राहणारी शेजारीण म्हणून यावं, कुलूप लावून जाणारी म्हणून नको.

काल तिला परत फोन केला. तिने इंटरनेटवर एक फ्लॅट पसंत केलाय, आमच्याच पंचायतीत, बारा फ्लॅटना एक पूल, मी जाऊन बघून आले. बिल्डरच्या माणसाने लिफ्ट दाखवली, गच्ची दाखवली. मी विचारलं पाणी कुठून येतं, तर म्हणाला नळ आहे, बोअर आहे, टँकरही बांधलेला आहे, काळजी नको. मी तिला सांगितलं, टोकन आत्ता देऊ नकोस. आधी डिसेंबरच्या शेवटी चार दिवस ये आणि रात्री खिडकी उघडून झोपून बघ. मग मे महिन्यात, वळीव यायच्या आधी ये, आपण त्या कॉम्प्लेक्सच्या खालच्या अंगाला जी जुनी घरं आहेत तिथे जाऊ, त्यातल्या कुणाच्या तरी विहिरीचं तांब्याभर पाणी मागू, आणि तू ते पिऊन बघ.